बाईंनी मोजलेली खाडी

फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहावीचे पेपर तपासत होते. ह्यांचा फोन होता, यवतमाळहून. "मंगल, बाई गेली," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं. मग म्हणाले, "मी इथलं आटपतो, तू घर उघडून ठेव." मी पुन्हा बरं म्हटलं आणि फोन टेबलावर ठेवला. गठ्ठ्यात सात पेपर उरले होते. ते तपासले, गुण लिहिले, बेरजा केल्या, गठ्ठा दोरीनं बांधून कपाटात ठेवला, आणि मग मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं की माझी नणंद वारली, मी घरी जाते. ते गडबडून उभे राहिले, कुणाला तरी गाडी काढायला सांगू लागले... त्यांची एवढी घाई कशासाठी चाललीय हे मला नीट कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते सात पेपर पुन्हा काढून पाहिले. एका मुलीनं निबंध लिहिलाच नव्हता आणि मी तिला निबंधाचे गुण दिले होते. बाईंना हे सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या. जे नाही ते आहे असं लिहिलेलं त्यांना कधीच चाललं नाही.

बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुमन. आमच्या बंजारा घरांत बहिणीला बाई म्हणतात, आईला याडी. पुढे तांड्यात आणि अर्ध्या घाटंजीत त्या बाईच झाल्या. हृदयाचं दुखणं जुनं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्यांसाठी ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी घरी यायच्या होत्या. त्याच सकाळी, चहा पिता पिता... आता दीड महिना होईल. त्यांचे विद्यार्थी मोठ्या हुद्द्यांवर आहेत, खरं तर त्यांनी लिहायला हवं. पण त्यांनी बाईंची प्रयोगशाळा पाहिली आणि मी बाईंचं घर पाहिलं, म्हणून हे मी लिहिते आहे. मला अजून रडू आलेलं नाही. लिहिताना येईल असं ह्यांना वाटतं.

बाईंचा तांडा घाटंजीपासून तासाभराच्या पायवाटेवर. वडिलांची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. बाई रोज चालत घाटंजीच्या शाळेत यायच्या, पुढे यवतमाळला होस्टेलवर राहून बी.एस्सी. झाल्या. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. बाकीच्या मुली लाटांत शिरल्या, आणि बाई खडकातल्या एका डबक्यापाशी जाऊन बसल्या त्या बस निघेपर्यंत उठल्या नाहीत. मला एकदा सांगत होत्या, "परातीएवढं पाणी, मंगल. अन् त्यात इतक्या जातीचे जीव, की मी मोजता मोजता चुकली. परत मोजले. परत चुकली." पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तेच केलं असं म्हटलं तरी चालेल. एम.एस्सी. झाल्यावर कोकणातल्या एका खाडीकाठच्या कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी जेवण सोडलं होतं. इतक्या लांब काहून जातेस, म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "याडी, आपले म्हातारे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या घालून तिकडूनच तं येत होते. त्यांले कोणी विचारलं का, काहून गेलता म्हणून?" सासूबाईंनी मला ही गोष्ट सांगितली तेव्हाही त्यांचा राग गेलेला नव्हता. बाईंनी लग्न केलं नाही. दिवाळीला यायच्या, पिशवीत कोकम आणि सुका जवळा घेऊन. चार दिवस राहायच्या आणि जायच्या. त्या तिकडे नेमकं काय करतात हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. तांड्यात सांगायचे, समुद्रातले किडे मोजते.

मी ते मोजणं पाहिलं माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी. मे महिना होता, शाळेला सुट्ट्या होत्या, ह्यांना शेतातून निघता येत नव्हतं. मी एकटीच यवतमाळहून पुण्याची ट्रॅव्हल्स धरून, पुढे एसटीनं गेले. दुसऱ्याच दिवशी बाईंनी मला त्यांचे जुने रबरी बूट दिले आणि खाडीवर नेलं. ओहोटी लागली होती. जिथं पाणी होतं तिथं मैलभर काळसर चिखल उघडा पडलेला, आणि त्यावर उन्हाची चकाकी. बाईंच्या हातात लोखंडी सळीची एक चौकट होती, पाटाएवढी. ती त्या मान वळवून, न बघता फेकायच्या, कारण बघून फेकली तर हात चांगल्या जागेकडे वळतो म्हणायच्या. चौकट पडेल तिथं उकिडवं बसायचं आणि आत जे जे असेल ते मोजायचं. शंख, शिंपले, खेकड्यांची बिळं. मग चौकटीतला चिखल चाळणीत घेऊन धुवायचा. पहिल्याच चाळणीत तळाला लाल दोऱ्यासारखे किडे वळवळायला लागले आणि मी मागं सरले.

"घाबरू नको," बाई म्हणाल्या. "हे भेटले तं वाईट नाही. फक्त हेच भेटले तं वाईट. घाणीनं बाकीच्यांचा जीव कोंडते, तिथं हे सुखानं वाढतात."

मी विचारलं, एवढ्यासाठी चिखलात कशाला बसायचं, पाणीच बाटलीत भरून तपासायला द्यायचं ना. त्यांनी एक शिंपला उचलून माझ्या तळहातावर ठेवला. बंद होता, गार होता. "बाटलीतलं पाणी आजचं सांगते," म्हणाल्या. "कारखानेवाले काय रोज सोडतात? आपण गेलो त्या दिवशी सगळं साफ दिसते. पण हे शिंपलं कुठं जात नाही. तेच पाणी आत घेते, गाळते, बाहेर सोडते. पाण्यात जे वाईट असन ते याच्या मांसात साचून राह्यते. वर्षभर काय काय सोडलं ते याले विचारायचं." मग तो शिंपला माझ्या हातातून काढून घेतला आणि जिथून उचलला होता तिथंच, होता तसाच खोचून ठेवला.

त्या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायका होत्या. तिसऱ्या म्हणजे खायचे लहान शिंपले. ओहोटीला कमरेतून वाकून, चिखलात हात घालून चाचपून काढायच्या आणि बाजारात वाटे लावून विकायच्या, हाच त्यांचा धंदा. त्यातल्या एकीला सगळे सुलूमावशी म्हणायचे. बाईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, काटक, कमी बोलणाऱ्या. चिखलावरून चालताना पायाच्या तळव्यानंच त्यांना कळायचं खाली काय आहे ते. बाई म्हणायच्या की मी पुस्तकं वाचून आले, पण ही खाडी मला सुलूमावशीनं शिकवली. दोघींची वीस वर्षांची ओळख होती. आम्ही चिखलात बसलेलो असताना त्या जवळ आल्या आणि दोन तिसऱ्या बाईंसमोर धरल्या. दोन्ही उघड्या आणि रिकाम्या.

"वरच्या अंगाला हल्ली अशाच लागतात, मॅडम," त्या म्हणाल्या. "नाल्याकडं गेलं की जास्त. आत काय नाय. तुमी बगा जरा, काय ते."

बाईंनी बघितलं. पुढची दोन वर्षं प्रत्येक पुनवेला आणि अवसेला, जेव्हा पाणी सगळ्यात लांब मागं जातं तेव्हा, वरच्या अंगापासून समुद्राच्या तोंडापर्यंत चौकट टाकत त्या चालल्या. औद्योगिक वसाहतीतून येणारा नाला जिथं खाडीला मिळत होता तिथं लाल किडे सोडून फारसं काही उरलं नव्हतं. खालच्या अंगाच्या तिसऱ्या वरून धडधाकट दिसत होत्या, पण त्यांच्या मांसात माणसानं खाऊ नये इतकं शिसं निघालं. बाईंनी सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि सरकारी कार्यालयात दिलं. सुनावणी झाली. तिथं एका साहेबांनी विचारलं, मॅडम, तुम्ही यवतमाळच्या, तुमच्याकडे समुद्र आहे का? दिवाळीला आल्या तेव्हा बाईंनी हे सांगितलं. ह्यांनी विचारलं, "मग तू काय म्हटलं?" बाई म्हणाल्या, "नाही म्हटलं. अन् पुढचं पान उलटलं."

त्या दिवाळीनंतरच्या मे महिन्यात मी पुन्हा गेले होते, म्हणून पुढचं मला माहीत आहे. तोवर खाडीच्या काठावर फलक लागला होता. या खाडीतले शिंपले काढण्यास आणि विकण्यास मनाई आहे. फलक चार दिवसांत लागला. कारखान्यांना मात्र नोटिसा गेल्या, उत्तराला मुदत मिळाली, मुदत संपल्यावर वाढवून मिळाली. दुपारची वेळ होती. बाई ओट्यावर चाळण्या वाळत घालत होत्या. सुलूमावशी फाटकातून आत आल्या आणि पायरीपाशी उभ्या राहिल्या. वर या म्हटलं तरी आल्या नाहीत. मी पाणी दिलं. पेला हातात धरून त्या बाईंना म्हणाल्या, "तुमी लिवलंत ते खरंच आसंल. मी शिकलेली नाय. पन मी तुमाला म्हटलं होतं तिसऱ्या का मरतात ते बगा म्हनून. आमाला बंद करा म्हनून नव्हतं सांगितलं."

बाई म्हणाल्या, "खोटं लिहायला हवं होतं का मी, मावशी?"

"तसं मी बोलले नाय." त्यांनी पेला दुसऱ्या हातात घेतला. "लिवायच्या आदी एक डाव आमच्यात येऊन बसला असतात तर... आमी काय आडवलं असतं तुमाला?"

सुलूमावशी पाणी प्यायल्या, पेला पायरीवर ठेवला आणि गेल्या. बाईंनी वाळत घातलेल्या चाळण्या उचलल्या आणि नळाखाली धरून पुन्हा धुतल्या. जेवताना मला म्हणाल्या, "वीस वर्षं तिनं मले सगळं सांगितलं, मंगल. मी तिले एक दिवस अगोदर सांगितलं नाही. सुचलंच नाही मले."

त्यानंतर बाईंनी कॉलेजच्या मागं लागून प्रयोगशाळेला दर पंधरवड्याला नमुने आणून देणाऱ्या माणसाची जागा मंजूर करून घेतली आणि ते काम सुलूमावशींना दिलं. ते त्यांना पुरणारं नव्हतंच, बाकीचे दिवस त्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात लागल्या. दर पुनवेला आणि अवसेला त्या ओल्या फडक्यात बांधलेल्या तिसऱ्या पायरीवर ठेवायच्या आणि न बोलता जायच्या. पाच वर्षं. बाई एकेक तिसरी मोजायच्या, मापायच्या, लिहायच्या. ते काम म्हणून होतं की प्रायश्चित्त म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. पुढे बऱ्याच लोकांच्या खटपटीनं तो नाला वळवून शुद्धीकरणाला जोडला गेला. पहिल्यांदा लाल किडे कमी झाले, मग बारीक शंख दिसायला लागले, मग एका जातीचा खेकडा आला. तिसऱ्यांना वेळ लागणार होता. बाई निवृत्त झाल्या तेव्हा फलक तसाच होता. सामान घ्यायला मी आणि हे गेलो होतो. एसटी स्टँडवर सुलूमावशी आल्या. पाच वर्षांनी पहिल्यांदा त्या बाईंशी बोलल्या.

"तुमच्याकडं चिखल हाय काय?"

"आहे. काळ्या मातीचा," बाई म्हणाल्या.

"मग बरं," म्हणाल्या आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

घाटंजीत बाई आमच्याबरोबर वरच्या खोलीत राहू लागल्या. आठ-पंधरा दिवस त्या नुसत्या बसून असायच्या. मग त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, वणीकडच्या एका गावची, भेटायला आली आणि म्हणाली की आमच्या नाल्याचं काहीतरी बिघडलंय, तुम्ही पाहा. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. बाई नाही म्हणाल्या. महिन्याभरानं स्वतःच म्हणाल्या, चल, पाहून येऊ. समुद्रातलं काहीच तिथं नव्हतं, पण रीत तीच. दगड उलटायचा, त्याच्या पोटाला चिकटलेल्या अळ्या, गोगलगाई, जळवा मोजायच्या आणि दगड होता तसा ठेवायचा. त्या नाल्यात गावातल्या कोलाम आदिवासी बायका खेकडे आणि बारीक मासे धरायच्या, घरी खायला आणि थोडे बाजारात विकायला. वर्षभर बाई तिथं जात राहिल्या. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असायची. वरच्या बाजूला दगडाखाली सात-आठ जातींच्या अळ्या, आणि गावाच्या खाली फक्त जळवा आणि तेच लाल दोरे. वर्ष झाल्यावर मला वाटलं आता बाई लिहायला बसतील. त्या बसल्या नाहीत. एका रविवारी त्यांनी वही घेतली आणि त्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. भीमाबाई म्हणून त्यांच्यात एक वयस्क बाई होती, तिच्या अंगणात. सगळं वाचून दाखवलं, सोप्या बोलीत. मग म्हणाल्या, "हे मी लिहून दिलं तं अगोदर तुमचंच बंद होईन, असं होऊ शकते. मी ते पाह्यलेलं आहे. नाही लिहिलं तं तुम्ही अन् तुमचे लेकरं हेच खात राहतीन. लिहू का?"

भीमाबाईनं विचारलं, "आत्ताच सांगा लागते का?"

"नाही."

"मंग आमी बसतो. कापसाची वेचणी होऊ द्या. तवा सांगतो."

घरी येताना मी म्हटलं, इतके दिवस थांबायचं? बाई म्हणाल्या, "थांबायचं." वेचणी संपत आली होती आणि बाई दवाखान्यात गेल्या.

तेराव्यानंतर मी सुलूमावशींना फोन लावला. फोन त्यांच्या सुनेनं उचलून त्यांच्याकडे दिला. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पानी हाय काय जवळ? न्हेलंत काय त्यांना पान्याकडं?" मी म्हटलं, नदी आहे, वाघाडी, तिथंच नेलं. "बरं केलंत," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुनवेला गेलेले मी खाली. बारीक तिसऱ्या हायत. नखाएवड्या. त्यांना सांगायचं राह्यलं." मी म्हटलं, बरं. फोन ठेवून मी कणीक मळायला घेतली.

एप्रिलच्या सुरुवातीला वणीकडून निरोप आला, बाईले सांगा, आमचं ठरलं. त्यांना कळलेलं नव्हतं. हे आणि मी मोटरसायकलवर गेलो. अंगणात सगळ्या, अकरा जणी, बसल्या होत्या. मी सांगितलं की बाई नाहीत आता. भीमाबाई उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली, डोळे पुसलेले होते. माझे कोरडेच होते, मला लाज वाटली. मग तिनं सांगितलं काय ठरलं ते. लिहायचं. पण कागद बाईंचा आणि नाव बाईंचं एवढ्यावर भागायचं नाही, खाली आमचे सगळ्यांचे अंगठे पाहिजेत. पहिली ओळ अशी पाहिजे की अगोदर आम्हाला चांगल्या पाण्याची अन् दुसऱ्या कामाची सोय करा, मग काय बंद करायचं ते करा. आणि तोवर आमच्या गावाचं नाव पेपरात कुठं देऊ नका, बाजारात आमचे खेकडे कोणी घेणार नाही. मी वहीतलं सगळं माझ्या अक्षरात उतरवून काढलं, आकडा न् आकडा दोनदा ताडून पाहिला. ज्या जागी बाईंनी शून्य लिहिलं होतं तिथं शून्य. त्या अकरा जणी एसटीनं तहसीलमध्ये गेल्या आणि त्यांनी कागद स्वतःच्या हातानं दिला. शिक्का मारलेली प्रत भीमाबाईकडे आहे. अजून कुणी आलेलं नाही. फलकही लागलेला नाही.

वरची खोली मी झाडते, पण काही हलवलेलं नाही. बाई जास्त असतात त्या खालीच, स्वयंपाकघरात. तिथं फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर आहे. गॅस कधी लावला, दूध किती, शाळेच्या परीक्षा, हे सगळं मी त्यावर लिहिते. आणि प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात एक वेळ लिहिलेली आहे. बाईंच्या खाडीतल्या दिवसाच्या ओहोटीची वेळ. ती रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, म्हणून दर वर्षी नवीन कॅलेंडर आलं की बाई एक दिवस बसून बारा महिन्यांच्या वेळा लिहून काढायच्या. घाटंजीत त्याचा कुणाला काय उपयोग, मी कधी विचारलं नाही. भाजी निवडता निवडता त्या भिंतीकडे बघायच्या, मग घड्याळाकडे, आणि पुन्हा निवडायला लागायच्या. हल्ली मीही बघते. आजच्या तारखेखाली दोन दहा आहे. दोन दहाला मी ओट्यापाशी होते. तिकडे आता पाणी मागं गेलं असेल, चिखल उघडा पडला असेल... इथं कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी गॅस बंद केला. उद्या एप्रिलचं पान उलटायचं आहे. मेच्या पानावर वेळा आहेत, जूनच्या आहेत, डिसेंबरपर्यंत आहेत. त्याच्या पुढचं कॅलेंडर कोरं येईल.